सीपॅपची सवय लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. झोपेत श्वास अडकण्याच्या आजारावरचं (स्लीप अॅप्निया) सीपॅप हे मशीन नऊ वर्षं रोज रात्री लावून झोपणारा माणूस आहे, आणि नव्याने लावू लागलेल्यांचे प्रश्न माझ्याकडे येत राहतात. तेच ते प्रश्न फिरून फिरून येऊ लागले, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. प्रेशर, औषधं, ऑपरेशन याबाबतीत शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. मास्क, नळी, पाणी आणि रात्री दोन वाजता होणारी चिडचिड यांबद्दल मात्र मी बोलू शकतो.

१. हे मशीन नक्की करतं काय? यातून ऑक्सिजन मिळतो का?

नाही. खोलीतलीच हवा फिल्टरमधून ओढून घेऊन ते थोड्या दाबाने नळीतून मास्कमध्ये सोडतं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि टाळूचा मागचा मऊ भाग मागे सरकतो आणि श्वासाची वाट मिटते. आतून हवेचा टेकू मिळाला की ती मिटत नाही, एवढीच यातली युक्ती. हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. घरगुती मशीन साधारण ४ ते २० पर्यंत जातं. १० म्हणजे किती? भांडंभर पाण्यात स्ट्रॉ १० सेंटिमीटर खोल धरून फुंका. बुडबुडे यायला लागतो तेवढा जोर.

सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी ही पद्धत १९८१ मध्ये मांडली. सुरुवातीच्या रुग्णांचा मास्क रोज रात्री नाकावर सिलिकॉनच्या गोंदाने चिकटवावा लागे. पट्ट्यांचा वैताग आला की मी हे आठवतो.

२. मी फक्त घोरतो. रात्री जागही येत नाही. मग हे माझ्या गळ्यात का?

जाग येते, पण ती दोन-चार सेकंदांची असते आणि सकाळी लक्षात राहत नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये एएचआय नावाचा आकडा असेल. झोपेच्या दर तासात श्वास किती वेळा थांबला किंवा फार उथळ झाला, तो हा आकडा. थांबणं कमीत कमी १० सेकंदांचं असेल तरच ते मोजतात. ५ च्या खाली ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० पासून पुढे तीव्र. एएचआय ३० म्हणजे सरासरी दर दोन मिनिटांना एकदा कुणीतरी तुमचा गळा दाबतंय आणि सोडतंय. सकाळची डोकेदुखी, रात्रीतून तीन-चारदा लघवीला उठणं, गाडी चालवताना डुलकी लागणं, ही त्याचीच बिलं.

३. सवय व्हायला किती दिवस लागतात?

कुणाला तीन रात्री, कुणाला तीन महिने. पण पहिले एक-दोन आठवडे महत्त्वाचे: तेव्हा जी वहिवाट पडते तीच पुढे चालते, असं अभ्यासांतही दिसलं आहे. त्यामुळे अडचण आली तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका, दुसऱ्याच दिवशी फोन करा.

पहिल्या काही रात्री भरमसाट आणि अगदी रंगीत स्वप्नं पडली तर घाबरू नका. स्वप्नांची झोप, म्हणजे रेम, बरीच वर्षं तुटत आलेली असते. शरीर ती थकबाकी वसूल करतं.

४. मास्क लावला की जीव घुसमटतो, ओरबाडून काढावासा वाटतो. मला हे जमणारच नाही का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. याची दोन कारणं असतात आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी आपलं कुठलं ते ओळखा.

पहिलं कारण खरोखरच बंदिस्तपणाची भीती. त्यावर दिवसाउजेडी सराव हाच उपाय. मास्क नुसता हातात घ्या, नाकावर धरा, पट्टे लावू नका. कंटाळा येईपर्यंत हेच. मग पट्टे लावून टीव्ही बघा. मग हवा चालू करून खुर्चीत बसा. मग दुपारची डुलकी, आणि त्यानंतर रात्र. प्रत्येक पायरीवर कंटाळा येणं महत्त्वाचं. धडधड होत असताना पुढे जाऊ नका. आणखी एक करा: नळी मास्कपासून खटकन सुटते तो जोड डोळे मिटून हाताने शोधायला शिका. अंधारात एका सेकंदात सुटता येतं हे हाताला कळलं की मन बरंच निवळतं.

दुसरं कारण लोकांच्या ध्यानातच येत नाही: हवा कमी पडते. बहुतेक मशीनमध्ये रॅम्प असतो. प्रेशर अगदी खालून, बऱ्याचदा ४ पासून सुरू होतं आणि हळूहळू चढतं. हे सौम्य वाटावं म्हणून केलेलं असतं, पण अनेकांना ४ वर उशीत तोंड खुपसल्यासारखं वाटतं. माझं मशीन याच कारणाने पाच महिने कपाटात पडून होतं. मी स्वतःला भित्रा ठरवून मोकळा झालो होतो. शेवटी एका तंत्रज्ञाने रॅम्प ७ पासून सुरू करून दिला आणि ती 'भीती' त्याच रात्री गेली. तुम्हालाही मशीन सुरू होतानाच गुदमरतं आणि वीस मिनिटांनी बरं वाटतं का? मग आधी सुरुवातीचं प्रेशर वाढवून मागा.

५. श्वास आत घेता येतो, पण सोडताना हवेला ढकलावं लागतं. हे असंच असतं?

थोडंसं असतं, आणि आठवड्याभरात विसरायला होतं. नाही झालं तर श्वास सोडताना दाब उतरवणारी सोय बहुतेक मशीनमध्ये असते. कंपनीप्रमाणे नाव वेगळं, पायऱ्या बहुधा १ ते ३. कमी पायरीपासून सुरू करा. ती वाढवल्यावर काहींचा एएचआय थोडा चढतो, तेव्हा आठवडाभर आकड्यावर नजर ठेवा.

६. नाकाचा मास्क घेऊ की तोंडावरचा मोठा?

तीन घराणी आहेत: नाकपुड्यांना टेकणारे छोटे पिलो, नाक झाकणारा मास्क, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल-फेस. नाकाने श्वास घेता येत असेल तर पहिल्या दोघांपासून सुरुवात करा, असं माझं ठाम मत. फुल-फेसला चेहऱ्याचा मोठा भाग बंद ठेवावा लागतो, त्यामुळे गळतीच्या जागा वाढतात. शिवाय त्याचे पट्टे जबड्याला मागे ओढू शकतात, आणि तेच तर आपल्याला नको असतं. नाक कायमचं बंद असेल तर गोष्ट वेगळी. पण मग कान-नाक-घसा तज्ज्ञांना आधी नाक दाखवा.

माप बसून घेऊ नका. आडवं पडून, हवा चालू ठेवून, कुशीवर वळून घ्या. रात्री कवळी काढत असाल तर मापाच्या वेळीही काढा, कारण कवळीशिवाय गालाचा आकार बदलतो. दाट दाढी-मिशी असेल तर पिलो बरे.

७. मास्कच्या कडेने हवा फुसफुसते. पट्टे किती आवळू?

कदाचित सैल करावे लागतील!

आधी एक पाहा: प्रत्येक मास्कला पुढे बारीक भोकं किंवा जाळी असते. तिथून हवा सतत बाहेर जायलाच हवी, सोडलेला श्वास तिथूनच निघतो. एकांनी ती भोकं टेपने बंद केली होती. असं कधीही करू नका.

आता कडेची गळती. मास्कची गादी उजेडात धरून पाहा. बहुतेक गाद्यांना सिलिकॉनचे दोन थर असतात: आत जाडसर, बाहेर कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ. हवा भरली की पातळ थर फुगून चेहऱ्याला लागतो आणि जागा बंद करतो. पट्टे आवळले की तो चेपतो, सुरकुत्या पडतात आणि त्या सुरकुत्यांतून हवा सुटते. माणूस आणखी आवळतो. सकाळी नाकाच्या उंचवट्यावर लाल व्रण, आणि गळती तशीच.

म्हणून क्रम असा. आडवे व्हा, हवा चालू करा, पट्टे ढिले करा. मास्क चिमटीत धरून चेहऱ्यापासून बोटभर वर उचला, गादी फुगू द्या आणि अलगद परत टेकवा. मग दोन्ही बाजू सारख्या, थोड्या थोड्या ओढा. गळती थांबली की हातही थांबला पाहिजे. झोपण्यापूर्वी चेहरा धुवा. तेल आणि क्रीम यांच्यावर सिलिकॉन घसरतं. एवढं करूनही हवा सुटत असेल तर गादी जुनी झाली असेल, किंवा माप चुकलं असेल. हवा डोळ्यांकडे जात असेल आणि सकाळी डोळे कोरडे, लाल होत असतील, तर कपाळाकडचा पट्टा तपासा.

मशीनच्या स्क्रीनवर किंवा अॅपमध्ये गळतीचा आकडा असतो. लोक एएचआय रोज बघतात आणि हा बघतच नाहीत. खरं तर उलट करायला हवं.

८. सकाळी तोंड कोरडं ठाक पडतं. ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी) पूर्ण वाढवला तरी तेच.

नाकातून आलेली हवा तोंडावाटे निघून जात असणार. तसं असेल तर कितीही ओलावा वाढवा, उपयोग नाही. कारण शोधा. नाक चोंदतंय का? मग सलाइनचा फवारा. जबडा सुटतोय का? हनुवटीचा पट्टा काहींना चालतो, सगळ्यांना नाही. हे दोन्ही फसलं की फुल-फेस. तोंडाला टेप लावण्याची टूम सध्या आहे. मी ती सुचवत नाही. नाक मध्येच बंद झालं किंवा उलटी आली तर काय, याचं समाधानकारक उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

९. मध्यरात्री नळीत पाणी गुळगुळतं आणि नाकावर थेंब पडतात.

कोमट दमट हवा थंड नळीतून जाताना तिचं पाणी होतं. ओलावा एक पायरी कमी करा, नळी पांघरुणाखालून घ्या किंवा तिला कापडी खोळ घाला. मशीन उशीच्या पातळीखाली ठेवा, म्हणजे पाणी मागे उतरेल. गरम होणारी नळी मिळत असेल तर हा प्रश्न बहुधा संपतोच.

१०. टाकीत कुठलं पाणी घालू? दोन थेंब निलगिरी घातली तर?

डिस्टिल्ड. नळाचं पाणी उकळून घेतलं तरी त्यातले क्षार जात नाहीत, टाकीच्या तळाला पांढरा थर धरतो. एखाद्या रात्री डिस्टिल्ड मिळालं नाही म्हणून मशीन मात्र बंद ठेवू नका. उरलेलं पाणी सकाळी ओतून टाका, त्यातच भर घालू नका. निलगिरी, बाम, अत्तर यातलं काहीही नाही: ते थेट फुप्फुसात जातं.

११. पोट फुगतं, सकाळी ढेकरांवर ढेकर.

हवा श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत जाते. डोक्याकडची बाजू थोडी उंच करा, कुशीवर झोपा, आम्लपित्त असेल तर त्यावर इलाज करा. त्रास राहिला तर कमाल प्रेशर कमी करता येईल का, किंवा प्रश्न ५ मधली सोय लावता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

१२. झोपताना लावतो, पण पहाटे उठतो तेव्हा मास्क उशीखाली. कधी काढला आठवत नाही.

नव्यांपैकी बऱ्याच जणांचं असं होतं, आणि यात तुमचा दोष नाही. झोपेतला हात त्रासाकडे जातो, तेव्हा त्रास शोधायचा. अॅपमध्ये मास्क निघाला ती वेळ पाहा आणि त्याआधीच्या अर्ध्या तासात गळती चढली का ते बघा. चढली असेल तर प्रश्न ७. गळती नसेल तर नाक चोंदणं किंवा प्रेशर कमी पडणं. मास्क निघाला की वाजणारा गजर काही मशीनमध्ये असतो, तो लावून ठेवा.

जाग आली की परत लावा, मग घड्याळात पाच का वाजलेले असेनात. रेम झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, तेव्हा स्नायू सर्वांत ढिले असतात आणि अनेकांचा श्वास तेव्हाच सर्वांत जास्त अडकतो. पहाटे मास्क काढणं म्हणजे ऐन पावसात छत्री मिटणं.

१३. चार तास लावलं की पुरतं असं ऐकलंय. खरं?

चार तास हा हिशेबाचा आकडा आहे. 'सत्तर टक्के रात्री, किमान चार तास' हा निकष अमेरिकेत विमा मंजुरीसाठी वापरला जातो आणि तिथून तो जगभर पसरला. शरीराला तो माहीत नाही. २०१६ मध्ये हृदयविकार किंवा पक्षाघाताचा इतिहास असलेल्या २,७०० हून अधिक रुग्णांवरचा 'सेव्ह' हा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मशीनचा सरासरी वापर रात्री ३.३ तास होता. दिवसाची पेंग कमी झाली आणि मनःस्थिती सुधारली, पण हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी झाल्याचं दिसलं नाही. वापर इतका थोडा होता म्हणून असं झालं का, यावर वाद आहे. मी माझ्यापुरता निकाल लावलाय: जेवढी झोप तेवढं मशीन, दुपारची डुलकी धरून. एक रात्र चुकली तर आभाळ कोसळत नाही, पण त्या रात्री श्वास थांबणारच. जमा काही राहत नाही.

१४. एएचआय २ आलाय, वापर सात तास, तरी दिवसा पेंग येते.

मशीन त्याच्या चालू तासांतलंच मोजतं, आणि गळती मोठी असेल तर तो आकडाही भरवशाचा नसतो. दोन्ही ठीक असतील तर दुसरीकडे बघा: झोपेचे एकूण तास, थायरॉइड, रक्तक्षय, नैराश्य, गुंगी आणणारी औषधं. सगळं नीट असूनही काही जणांची पेंग उरतेच. त्यावर वेगळे उपचार आहेत, तेव्हा 'आकडा छान आहे' एवढ्यावर समाधान मानून घरी येऊ नका.

१५. रिपोर्टमध्ये आता 'सेंट्रल' जास्त दिसतंय. मशीननेच नवा आजार दिला का?

सेंट्रल म्हणजे वाट मोकळी आहे, पण मेंदूकडून श्वासाचा हुकूमच येत नाही. मशीन सुरू केल्यावर काहींना असं दिसतं आणि बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. स्वतः प्रेशर वाढवू नका, त्याने ते वाढू शकतं. टिकून राहिलं तर एएसव्ही नावाचं वेगळं मशीन सुचवतात. मात्र हृदय कमजोर असलेल्यांनी, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ४५ टक्के किंवा त्याखाली, ते हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नये. २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात अशा रुग्णांमध्ये त्या मशीनवर हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढलेले दिसले होते.

१६. सर्दी झाली तर लावू का?

जमेल तेवढं लावा. सलाइन, थोडा जास्त ओलावा, डोकं उंच. एखादा फुल-फेस मास्क अशा दिवसांसाठी जवळ असला तर बरं. कान दुखत असेल तर थांबा आणि डॉक्टरांना विचारा.

१७. धुवायचं कशाने? ओझोनने साफ करणारा डबा घ्यावा का?

गादी रोज सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने, नळी आणि टाकी आठवड्यातून एकदा, सावलीत वाळवून. ओझोनचा डबा घेऊ नका. अमेरिकेच्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएने फेब्रुवारी २०२० मध्येच अशा उपकरणांबद्दल सावध केलं होतं. जून २०२१ मध्ये फिलिप्सने लाखो मशीन परत मागवली, कारण आतला आवाज शोषणारा फोम झिजून त्याचे कण हवेत येण्याची शक्यता होती; ओझोनने ही झीज वाढते असं कंपनीनेही सांगितलं. जुनं, वापरलेलं मशीन घेत असाल तर त्याचा क्रमांक त्या यादीत आहे का ते आधी तपासा.

१८. मला पेसमेकर आहे. चालेल ना?

मशीन चालतं. मास्क नीट बघा: काहींच्या पट्ट्यांच्या क्लिपमध्ये चुंबक असतं. पेसमेकर, डोक्यातल्या धातूच्या क्लिपा, कॉक्लिअर इम्प्लांट अशांपासून ते किमान १५ सेंटिमीटर लांब हवं, असा इशारा कंपन्याच देतात. हा नियम शेजारी झोपणाऱ्यालाही लागू. सोपा उपाय म्हणजे बिनचुंबकाचा मास्क.

१९. रात्री वीज गेली तर मी गुदमरेन का?

नाही. फुल-फेसमध्ये यासाठी झडप असते, ती उघडून बाहेरची हवा येते. नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळंच असतं. शिवाय गुदमरल्यासारखं झालं की जाग येते. वीज वारंवार जात असेल तर बॅटरी घ्या आणि तिच्यावर चालवताना ह्युमिडिफायर बंद ठेवा. सगळ्यात जास्त वीज तोच खातो.

२०. विमानाने जाताना?

मशीन हातातल्या सामानात न्या, टाकी रिकामी करून. हे विसरून मी एकदा मशीनमध्ये पाणी घातलंय. लिथियम बॅटरीही हातातल्या सामानातच: १०० वॉट-तासांपर्यंत सहसा अडचण नसते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते.

२१. माझं ऑपरेशन आहे. सांगायला हवं का?

हो, भूल देणाऱ्या डॉक्टरांना, आणि विचारायची वाट न बघता. भूल आणि तीव्र वेदनाशामकं घसा आणखी सैल पाडतात. मशीन आणि मास्क सोबत न्या. ऑपरेशन नाक, चेहरा किंवा कवटीचं असेल, किंवा पूर्वी फुप्फुसाभोवती हवा साठली असेल, तर मशीन कधी लावायचं हे त्यांच्याकडून स्पष्ट ठरवून घ्या.

२२. वजन कमी केलं तर मशीन सुटेल?

काहींचं सुटतं, काहींचं प्रेशर कमी होतं, काहींना फरक पडत नाही, कारण मूळ जबड्याच्या ठेवणीत असतं. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत टिर्झेपटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाला स्थूल प्रौढांच्या मध्यम ते तीव्र अॅप्नियासाठी मंजुरी मिळाली. पण मशीन सोडायचा निर्णय पुन्हा झोपेची तपासणी करूनच घ्या. 'घोरणं थांबलं' हा पुरावा नव्हे.

२३. यांचं मशीन शांत आहे, पण हवेचा झोत माझ्या मानेवर येतो. मी काय करू?

ताई, तो मास्कच्या भोकांतून येतोय (प्रश्न ७), आणि ती बंद करायची नाहीत. काही मास्कमध्ये भोकांऐवजी जाळी असते, तिचा झोत विखुरतो. तोपर्यंत मधे एक उभी उशी.

२४. बाबा ऐकतच नाहीत. 'मला काही झालेलं नाही' म्हणतात.

रात्री भांडू नका. त्यांच्या झोपेचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा: घोरणं, मग शांतता, मग दचकून ओढलेला श्वास. सकाळी त्यांना एकट्याला ऐकवा, चारचौघांत नको. त्या शांततेत सेकंद त्यांनाच मोजू द्या.